जोडावरचा उजेड

"चष्मेवाला घरातून निघाला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. रविवार. चंद्र उगवायचा होता पहाटेकडे," मामांनी सुरुवात केली. गच्चीवरच्या सतरंजीवर भाचरं दाटीवाटीने बसली होती.

"मामा, भूत आलं की उठवा मला," थोरला भाचा आडवा होत म्हणाला.

"तू घोरायला लागलास की तेच पळून जाईल. ऐक. माझा जुना मित्र, म्हणून सांगतो."

चष्मेवाल्याला अख्ख्या तलावाचा फोटो हवा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गाळ काढायला सोमवारपासून तलाव रिकामा करणार होते. म्हणजे हीच शेवटची रात्र. हा फोटो बैठकीतल्या मोकळ्या भिंतीवर लावायचा, ही त्याच्या बायकोची हौस. रात्रीचाच हवा, काठावरच्या दिव्यांसकट. तिला जाऊन चार महिने झाले होते.

एवढं रुंद दृश्य एका फोटोत मावत नाही. कॅमेरा थोडाथोडा वळवत तुकडे काढायचे, प्रत्येकात आधीच्याची कड पुन्हा घ्यायची, मग घरी कॉम्प्युटरवर ते जोडायचे. दोघं मिळूनच हे शिकली होती. सुरुवातीला तलावाला मध्येच पायरी पडायची.

"अहो, गावाला सरळ दिसावं म्हणून चष्मे देता, आणि स्वतःचा तलाव तिरका!" ती हसायची.

पायरी गेली, पण मधला जोड काही बसेना. तिथे काळं पाणी, काळा बांध, काळं आभाळ. दोन्ही तुकड्यांत सारखी खूणच नाही, तर कॉम्प्युटर जोडणार कशाला धरून?

"पुढच्या वेळी मी टॉर्च घेऊन बांधावर उभी राहते," ती म्हणाली होती. "मी मध्ये असले की जोडलं जाईल."

मग दुखणंच आलं. टॉर्च स्वयंपाकघरातल्या खणात राहिला. गळून खराब होऊ नयेत म्हणून त्यातले सेल त्याने स्वतःच्या हातांनी काढून टाकले.

त्या रात्री दुसऱ्या कुणाला बांधावर उभं राहा म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. दिवे मालवून, घराला कुलूप लावून तो एकटाच काठावर गेला. ट्रायपॉड रोवला. डावीकडून उजवीकडे, एक फेरी. मग तिच्याच सवयीने दुसरी. "एक तुमची, एक माझी," असं ती म्हणायची. समोर बांध काळाकुट्ट होता. एकही दिवा नव्हता.

घरी येऊन त्याने पहिल्या फेरीचे तुकडे जोडायला टाकले. चहा ठेवावा म्हणून उठणार, तेवढ्यात...

जोडलं गेलं.

अख्खा तलाव. कुठेही फट नाही.

त्याने मधला भाग मोठा केला. बांधावर एक पिवळा ठिपका. छातीच्या उंचीवर धरलेला. धरणारं कुणी नाही.

सुटे तुकडे उघडले. ठिपका दोनच तुकड्यांत. एकाच्या उजव्या कडेला, दुसऱ्याच्या डाव्या. बरोब्बर जोडावर.

"म्हणजे..." धाकटी भाची म्हणाली.

"मग त्याने दुसरी फेरी उघडली," मामा म्हणाले.

बांध काळा. ठिपका नाही. पुढचा तुकडा. नाही. त्याच्या पुढचा. नाही.

शेवटचा तुकडा. त्यात तलाव संपतो आणि त्याचं घर येतं. कुलूप लावलेलं. अंधारातलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड होता.

तो खुर्चीत बसून राहिला. स्वयंपाकघर त्याच्या पाठीमागेच होतं. दार अर्धवट उघडं... त्याने हाक मारली. तिच्या नावाने. हळू.

...

मामा थांबले. थोरला भाचा केव्हाच उठून बसला होता.

"आत कोण होतं?"

"कुणी नाही. पहाटे त्याने मला फोन केला. नुसतं 'ये' म्हणाला. मी गेलो. खण उघडा होता. त्याने टॉर्च माझ्या हातात दिला. मी मागचं झाकण फिरवून पाहिलं. आत सेल नव्हते."

मामांनी आपला तळवा उघडला, पुन्हा मिटला.

"काच गरम होती, रे. आणि मुठीच्या जागी ओला गाळ."