खंडेनवमीचं पंक्चर

चाकूरच्या अलीकडं, बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत सिद्धेश्वर फटफटीपाशी उभा दिसला आणि महादेवीनं लूना थांबवली. मागचं चाक बसलं होतं. पाने कुठं आहेत, असं तिनं विचारलं. त्यानं मान खाली घातली... पाने देवघरात होते. आज खंडेनवमी, आईनं पूजा मांडली होती, आणि पुजलेलं हत्यार दसरा उजाडल्याशिवाय उचलायचं नसतं.

महादेवीच्या अंगाचा तिळपापड झाला. लातूर जिल्हा नवा झाला तसा सिद्धेश्वर पाण्याचे टँकर तपासायच्या नोकरीला लागला होता. जिल्हा आला, पाणी मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिलं असावं. गावोगाव हिंडणाऱ्या या माणसाची पिशवी तिनं आपल्या वडलांच्या, अण्णांच्या, अहमदपूरच्या दुकानात एकेक हत्यार निवडून भरली होती. मोठा पाना नको, नुसतं ओझं; प्लगचा पाना हवाच, टायर उचकटायला दोन टामी, ठिगळं, सोल्युशन, क्लचची जादा वायर, हातपंप. तो रोज एखादी वस्तू बदलायला यायचा आणि ती भांडून तीच परत द्यायची. त्या भांडणाची तिला सवय झाली होती... नको तितकी.

"माझे पाने पण सकाळी पुजले," लूनाची पिशवी सोडत ती म्हणाली. "पुजले अन् पिशवीत घातले. देव काय पिशवीत मावत न्हाई?"

ट्यूब निघाली, पण भोक सापडेना. बुडबुडे बघायला ओंजळभर पाणी नव्हतं. ओढ्यात नुसती वाळू. मग तिनं ट्यूबमध्ये हवा भरली आणि गालाशी धरून हळूहळू फिरवली. दुसऱ्या बाजूनं त्यानंही गाल लावला. बारीक गार झुळूक दोघांनाही एकदमच लागली. ती झटकन मागं सरली — आणि तेव्हा तिला हँडलला अडकवलेला पेढ्यांचा पुडा दिसला, त्याचा कडक इस्त्रीचा सदराही.

मुरुडला मुलगी बघायला निघालोय, असं तो पुटपुटला. मामानं ठरवलं होतं.

तिनं सगळा राग ठिगळावर दाबला. चाक बसवून झालं तेव्हा तोच म्हणाला, "मामा मोटारीनं पुढं गेला. मीच फटफटी काढली. पाने न्हाईत म्हणूनच... रस्त्यात बंद पडावी म्हणून. मला तुमच्याशिवाय कुणी नको, महादेवी."

हे ऐकायला तिचा जीव कधीपासून आसुसला होता. आणि ऐकलं तेव्हा संतापच आला.

"तोंडानं न्हाई म्हणायला काय झालं होतं? तिकडं ती पोरगी सकाळपासून नेसून बसली असंल. पाव्हणा आलाच न्हाई तर गाव तिलाच नावं ठेवंल, तुम्हाला न्हाई. जावा मुरुडला. तिच्या वडलांना तोंडावर सांगा, चूक माझी हाय म्हणून."

"अन् मग?" त्यानं विचारलं.

ती पंप मारत राहिली. डोळे भरून आले होते, तरी आवाज खाली आला नाही.

"मग अहमदपूरला या. अण्णा दुकानातच असतात. त्यांच्यापुढं मात्र गाडी बंद पडलेली चालायची न्हाई."