बारामतीचे सर

"घरनं निघताना चांगलं तोंड दाखवत हुतास की रं... आन् हितं आल्यावर लाजायला काय झालं? नवरीय का तू?"

प्लायवूडच्या आडोशापलीकडचं हे पुटपुटणं इतक्या जवळून आलं, की उत्पलाला क्षणभर वाटलं, आपल्यालाच कुणी बोलतंय. तिनं खुर्ची मागे सरकवून डोकावलं. पलीकडे एकटाच माणूस. लांबलचक हातपाय, कोपरावर रफू केलेला स्वेटर, आणि कॉम्प्युटरच्या काचेला नाक लागेल इतका वाकलेला. पडद्यावर पाच रिकामे चौकोन होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीकशी लाल फुली.

"कोण नवरी?" तिनं विचारलं.

तो दचकला. "न्हाय... नाही. घोंगडी."

"घोंगडी लाजतेय?"

"पाच हायेत. आहेत. म्हणजे फोटो." तो 'हाय'चं 'आहे' करताना दर वेळी जरासा अडखळत होता, उंबऱ्याला ठेच लागावी तसा. "घरच्या कॉम्प्युटरवर दिसतात. इथं आणलं की फुल्या."

नव्याण्णवचा जानेवारी होता. बारामतीत भिगवण रस्त्यावर, खताच्या दुकानाच्या माडीवर हा कॉम्प्युटरचा क्लास होता, आणि खालच्या युरियाचा वास जिन्यानं वर येऊन सगळ्या की-बोर्डांवर बसलेला असायचा. उत्पला तिथं शिकवायची. तिनं त्यानं बनवलेल्या वेब-पानाचा आतला मजकूर उघडला, एक ओळ वाचली आणि हसू दाबलं.

"काय नाव तुमचं?"

"बिरू कोकरे. भवानीनगरच्या अलीकडं वस्ती आहे आमची."

"तर कोकरे, तुम्ही ह्या पानाला फोटोचा पत्ता काय दिलाय माहितेय? 'आमच्या घरात, सी नावाच्या फडताळात, बिरूच्या कप्प्यात.' आता हे बिचारं पान इथं बारामतीत तुमचं फडताळ शोधतंय. कुठनं सापडणार?"

"मग पत्ता कसा द्यायचा?"

"पान जिथं उभं आहे, तिथनं द्यायचा. 'इथनंच आत, ह्या नावाच्या खोलीत.' आणि ती खोली पानाबरोबर न्यायची. मग पान कुठंही जाऊ दे."

"म्हणजे... बरोबर न्यायचं."

"बरोबर न्यायचं."

त्यानं मान हलवली. पण बघत राहिला तो पडद्याकडे नाही, तिच्याकडे, आणि अर्धा मिनिट जास्तच. मग एकदम लक्षात आल्यासारखा माऊस उचलून तो पुसायलाच लागला.

त्यानंतर तो दर शनिवारी यायला लागला.

त्याचे वडील, सावळाराम, मागावर घोंगडी विणायचे. वाडवडील मेंढरांमागं फिरले, आता मेंढरं गेली, शेती आली, पण माग राहिला. बिरूचं म्हणणं असं, की घोंगडी इंटरनेटवर टाकावीत. "लांबच्या देशांत थंडी असते म्हणे," तो म्हणाला. उत्पलाला हे पटावं की हसावं ते कळेना. पण वडिलांची एक अट होती. आपला माल जगाला दाखवायच्या आधी तो त्या डबड्यात कसा दिसतो, ते ते स्वतः घरी बसून बघणार. त्यांनी होय म्हटल्याशिवाय काही पुढं जायचं नाही.

दुसऱ्या शनिवारी, जिथून पानं इंटरनेटवर जातात त्या पुण्याच्या मशीनवर ती चढवून पाहिली, तर तिथं पुन्हा फुल्या. फाइलच्या नावात एका ठिकाणी मोठा जी होता, एका ठिकाणी लहान. "तिथल्या मशीनला मोठं अक्षर वेगळं आणि लहान वेगळं," उत्पला म्हणाली.

"आमच्यात हाक मोठ्यानं मारा न्हायतर हळू, माणूस येतंय."

"ते पुण्याचं आहे, कोकरे. त्याला नीट नावानं बोलावल्याशिवाय ते ढुंकून बघत नाही."

तो इतका मोकळा हसला, की टायपिंगची पोरंही थांबून बघायला लागली. जाताना त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले हरभऱ्याचे डहाळे काढून टेबलावर ठेवले आणि जिना उतरला. उत्पलानं संध्याकाळपर्यंत एकेक घाटा सोलून खाल्ला. टरफलं की-बोर्डात गेली, आणि सोमवारी स्पेस-बार चिकटला.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. गोंधळ पुढं सुरू झाला.

क्लासात प्रत्येक शिकवणाऱ्याच्या नावाचा एक फोल्डर होता, त्याच्या शिकणाऱ्यांचं सामान त्यात. बिरूचे फोटो 'उत्पला' नावाच्या फोल्डरात होते आणि पानांत पत्ताही तोच लिहिला होता. फोटो त्याच्या घरीही होते. फोल्डर तसाच करून घ्या, एवढं सांगून ती फ्लॉपीवर दुरुस्त पानं द्यायची. इथं पाचही घोंगडी कशी ऐटीत दिसायची! आणि पुढच्या शनिवारी तो दारात उभा राहून सांगायचा, "घरी फुल्या."

पहिल्या दिवशी घरी दिसत होतं, इथं नाही. आता इथं दिसतंय, घरी नाही.

तिनं पत्त्यातल्या तिरक्या रेघा पाहिल्या. अक्षरं पाहिली. फ्लॉपी बदलली. कुठं व्हायरस आहे का ते शोधलं. "फोल्डरचं नाव तेच आहे ना?" असंही एकदा विचारलं. तो खिडकीबाहेर बघत "हां... तेच की" म्हणाला. शेवटी तिला स्वतःचीच शंका यायला लागली. आणि त्याहून मोठा घोळ म्हणजे, शुक्रवारपासूनच तिचं चित्त जिन्याकडे लागायचं. आता हा फोटोंसाठी येतो, की फोटो दिसत नाहीत म्हणून येतो? आणि आपल्याला तरी ते दिसायला हवेत का?

आणखी एक गोष्ट तिला आधी फार बरी वाटली होती आणि आता टोचायला लागली होती. बिरूनं तिला कधी "कुठले गायकवाड?" असं विचारलं नव्हतं.

गायकवाड आडनावाची ही गंमत आहे. ते सगळ्यांत असतात. म्हणून आडनाव सांगून भागत नाही, मागोमाग दुसरा प्रश्न येतो. अगदी गोड आवाजात, चहाचा कप पुढं करता करता. कुठले गायकवाड? उत्पला लहानपणापासून एकच उत्तर द्यायची, "बारामतीचे." विचारणाऱ्याला जे हवं असायचं ते त्यात नसायचं, आणि बहुतेकांना तेवढ्यानं कळायचंही. तिच्या घरात बुद्धांची तसबीर होती, वडील पाटबंधारे खात्यात होते, लपवण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. फक्त समोरच्याच्या हातातला कप मध्येच थांबतो, ते बघायचा कंटाळा होता.

जानेवारीच्या शेवटी तिला पुण्यात काम मिळालं.

"बरं झालं," बिरू म्हणाला. मग बराच वेळ त्यानं एकच कळ दाबून धरली. पडद्यावर 'एम' अक्षराच्या चार ओळी झाल्या.

"उद्या मी तुमच्या घरी येते," ती म्हणाली.

"आँ? न्हाय... नको. लांब पडतंय. धूळ हाय लई."

"बिघाड तुमच्या घरात आहे. इथं बसून तो सापडायचा नाही. आणि एक तारखेनंतर मी नसणार."

बोलली ती बिघाडाचं, पण मनात दुसरंच होतं. ह्या माणसाच्या घरात आपण कुठं आहोत का, की फक्त शनिवारचे, माडीवरचे? तेवढं कळलं असतं, तर पुण्याला जाताना मागं वळून बघायचं की नाही ते ठरवता आलं असतं.

रविवारी दुपारी ती इंदापूर गाडीनं भवानीनगरच्या अलीकडं उतरली. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास हवेत भरून राहिला होता आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. बिरू एम-एटी घेऊन उभा होता. ती मागं बसली, दोघांच्या मध्ये पर्स. तो इतक्या हळू चालवत होता, की एक उसाची बैलगाडी त्यांच्या पुढं निघून गेली.

"कोकरे, बैल जिंकले."

"असू द्या," तो म्हणाला. "त्यांना घाई हाय."

अंगणात त्याची आई, बानूबाई, पदर सावरत पुढं आली. तिनं उत्पलाकडं पाहिलं, मग उत्पलाच्या मागं पाहिलं, मग रस्त्याकडं.

"आन् सर?"

"कोण सर?" उत्पला म्हणाली.

"बारामतीचे सर की! मागनं येत्यात व्हय? मी पोळ्या करून ठिवल्यात त्यास्नी." मग तिचा चेहरा एकदम उजळला. "आगं बया! तुमी सरांच्या मंडळी का? या, या. सरांचं लई चालतंय बगा आमच्या घरात. सर म्हनाले आसं, सर म्हनाले तसं. सरांनी हरबरा आवडीनं खाल्ला. सर हसले म्हंजी गालाला खळी पडती म्हनं..."

उत्पलाचा हात आपसूक गालाकडं गेला. बिरू एम-एटीचं स्टँड लावत होता. लागलेलं स्टँड पुन्हा काढून पुन्हा लावत होता.

मराठीत बाई पुसायला कितीसं लागतं? 'म्हणाल्या'चं 'म्हणाले' केलं, झालं. शनिवार ते शनिवार ह्या घरात तिचं प्रत्येक वाक्य आलं होतं, तिचं हसणं आलं होतं, गालावरची खळीसुद्धा आली होती. तेवढी ती आली नव्हती.

आतल्या खोलीत खिडकीपाशी कॉम्प्युटर होता, त्यावर फुलाफुलांचं कापड. पलीकडच्या सोप्यात माग चालला होता, खट् खट्, आणि घोंगड्यांना लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा उग्र वास दारातून आत येत होता. उत्पला बसली. पान उघडलं. पाच चौकोन, पाच फुल्या. मग तिनं फोटो कुठं ठेवलेत ते शोधलं.

फोल्डरचं नाव होतं 'सर'. इंग्रजीत, तीन अक्षरं.

तिनं पानात लिहिलेला पत्ता शेजारी उघडून पाहिला.

"म्हणजे पान 'उत्पला' शोधतंय," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आणि घरात आहेत 'सर'."

"बहीण बारावीला हाय," तो कुजबुजला. "इंग्रजी वाचती. नाव दिसलं असतं तर..."

"तुम्हाला माहीत होतं? बिघाड काय आहे ते?"

"तिसऱ्या शनिवारी कळलं."

"मग सांगितलं का नाही? नाव तेच आहे म्हणालात. मी व्हायरस शोधत बसले होते!"

"सांगितलं असतं तर... चौथा शनिवार आला नसता."

एरवी ती हसली असती. ओठ हललेही. तेवढ्यात मागाची खटखट थांबली आणि सोप्यातून सावळारामांचा आवाज आला.

"कोन आलंय गं?"

"सरांच्या मंडळी," बानूबाई चहाचे कप घेऊन आत येत म्हणाली.

"बरं, बरं. आडनाव काय म्हनायचं?"

"गायकवाड," उत्पलानं इथूनच सांगितलं.

"आस्सं. कुठले गायकवाड?"

बानूबाईच्या हातातला कप हवेतच राहिला. उत्पलानं बिरूकडं पाहिलं.

"बारामतीचे," बिरू म्हणाला.

तिचं स्वतःचं उत्तर. शंभर वेळा दिलेलं. पण ते त्याच्या तोंडून ऐकताना कुणी आपल्या अंगावर पडदा ओढावा तसं तिला झालं. हा विचारत नव्हता, कारण ह्याला पहिल्यापासून माहीत होतं... आणि माहीत असूनच ह्यानं आपल्याला सर करून ठेवलं.

तिनं पर्स उचलली.

"तुमचा बिघाड सापडला, कोकरे. एकाच खोलीला दोन नावं आहेत. कुठलंही एक ठेवा, सगळं दिसायला लागेल. 'सर' ठेवायचं असेल तर पानांत तसं लिहा. मशीनला काही फरक पडत नाही." तिनं पर्स खांद्याला अडकवली. "मला साडेचारची गाडी गाठायचीय."

बिरू तिच्या खुर्चीत बसला. एक बोट पुढं करून त्यानं एक कळ दाबली, मग शोधून दुसरी. तिच्या क्लासात एवढे शनिवार घालवूनही हा माणूस अजून एकाच बोटानं टाइप करत होता. सहा कळा. मग त्यानं पान पुन्हा उघडलं.

पडद्यावर काळं घोंगडं उमटलं. मग करडं. मग लाल काठाचं... एकामागोमाग पाचही.

"आगं बया, दिसली की!" बानूबाई पुढं झाली. "आवं, या की बगायला! काय केलंस रं?"

"नाव बदललं."

"कुनाचं?"

"सरांचं."

सावळाराम हात पुसत दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी पडद्यावरच्या घोंगड्यांकडं पाहिलं नाही. ते मुलाकडं बघत होते.

"मग आता काय ठिवलं?" बानूबाईनं विचारलं.

"उत्पला."

"त्या आन् कोन?" बानूबाई म्हणाली. विचारलं मुलाला, पण नजर सरळ उत्पलाच्या गालावरच्या खळीवर होती, आणि ती नजर काही गोंधळलेल्या बाईची नव्हती.

बिरू उठून उभा राहिला. मग सगळं एका दमात बाहेर पडलं, वाटेत कुठंही न अडखळता.

"ह्याच. सरबिर कुनी न्हाय, आय. पयल्या दिवसापास्नं ह्याच हुत्या. गायकवाड, बौद्ध हायेत त्या, आबा. आन् मला लगीन करायचं तर ह्यांच्यासंगंच करायचंय... फकस्त ते मी अजून ह्यास्नीबी इचारलेलं न्हाय."