तीन आठवड्यांचा नकार

या गं पोरींनो, जवळ सरका. कान इकडे, मनही इकडे द्या. एका नकाराची गोड गोष्ट सांगते.

चष्म्याच्या दुकानात मी काउंटरवर नव्यानं लागले होते. मालकांची नजर अधू झालेली, म्हणून आतल्या खोलीत त्यांचा मुलगा भिंगं घासायचा. पहिल्याच सकाळी मी दार ढकललं आणि तो नेमका ट्रे घेऊन बाहेर... डझनभर भिंगं जमिनीवर. दोघं गुडघ्यांवर बसून वेचत राहिलो.

"आधीच्या बाई दार वाजवायच्या," तो म्हणाला.

"आधीच्या बाई भित्र्या असतील."

तो हसला, आणि माझ्या हातातलं भिंग पुन्हा निसटलं.

मला वाटायचं, भिंग घासणाऱ्यानं गिऱ्हाईक नवा चष्मा लावतं तो क्षण डोळ्यांनी पाहावा. हात आणखी सुधारेल. पुरावा मात्र काहीच नाही. "माझं काम काचेशी," तो म्हणायचा, "माणसं तुम्ही सांभाळा." मग रोज दुपारी मी त्याच्या दारात उभी राहून सांगायचे. आज एका आजोबांना नातीच्या गालावरचा तीळ दिसला. आज एक शिवणकाम करणाऱ्या बाई सुईचं नेढं बघून रडल्या. तो खाली मान घालून ऐकायचा आणि शेवटी — "नाही." तीन आठवड्यांनी एकदाचा एप्रन झटकत बाहेर आला.

वर्षभरानं दूरच्या शहरात नेत्ररुग्णालयात जागा निघाली. मला ती नोकरी हवी होती... आणि तोही. मुलाखतीची तयारी तोच करून घेणार, हा त्याचा हट्ट. साहेबासारखं स्टुलावर ताठ बसून त्यानं विचारलं, "हातात आकडे नसताना सहकाऱ्याला कसं पटवलंत?"

"एक आडमुठा कारागीर होता—"

"आडमुठा?"

"साहेबांनी मध्ये बोलू नये. रोज एकेका माणसाची हकिकत सांगितली, तेव्हा कुठे तीन आठवड्यांनी त्याला पटलं."

तो भिंग पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "खोटं आहे ते. मला पहिल्याच दिवशी पटलं होतं."

"मग 'नाही' का म्हणत होतात?"

"हो म्हटलं असतं तर... दुसऱ्या दिवशी तू आली असतीस?"

पहिल्यांदाच 'तू'. माझे कान तापले. "आता तिथे सांगू काय? होतं ते एक उत्तरही मोडलंत."

मुलाखतीत मी खरं तेच सांगितलं. त्याला आधीच पटलेलं होतं. पण रोज सांगायचं म्हणून मी गिऱ्हाइकाकडे नीट बघायला शिकले.

"मग ते 'नाही' का म्हणत राहिले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी माझे कागद सारखे करू लागले. त्या नुसत्या हसल्या. नोकरी मिळाली.

निघायच्या दिवशी तो गाडीपर्यंत आला. वडिलांना तोवर दिसेनासं झालं होतं. ते आणि दुकान, दोन्ही त्याच्यावर.

"चल ना," एवढंच म्हणाले मी.

त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. आणखी एकदा म्हटलं असतं, तर तो आला असता, आणि मागे म्हातारा एकटा भिंती चाचपत राहिला असता. म्हणून मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. त्याचा हात मात्र गाडी हलेपर्यंत मला सोडवला नाही.

तीस वर्षं झाली, पुन्हा भेट नाही. देवानं मला काही कमी केलं नाही. तरी पोरींनो, संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा माझ्या भिंगवाल्यालाही आठवा. असेल तिथे सुखात असो.