तिसरी डिस्क

"माझ्या सुनेनं हे केलेलं नाही," त्या बाई दारात उभ्या उभ्याच म्हणाल्या. "आणि केलं असेल, तर मुद्दाम केलेलं नाही. तेवढं मला शोधून द्या."

वहिनींनी खुर्ची पुढे केली, भाऊजींनी पाण्याचा ग्लास. सुनांच्या तक्रारी घेऊन आलेल्या सासवा भाऊजींनी या ऑफिसात पुष्कळ पाहिल्या होत्या. सुनेची बाजू घेऊन आलेली ही पहिलीच.

ऑफिस वहिनींचं होतं, खासगी तपासाचं. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी शिकवली आणि निवृत्त झाल्यावर वहिनींची गाडी चालवायला घेतली. पुढे बाहेर गाडीत बसून कंटाळा येतो म्हणून तेही आत येऊन बसू लागले. वहिनींचं डोकं चौथ्या गिअरमध्ये पळत असतं तेव्हा आपण अजून आरसा नीट करत असतो, हे ते स्वतःच सांगत.

"सून इंजिनिअर आहे," सासूबाई सांगू लागल्या. "रक्तपेढीत नवी सिस्टीम बसवायला तिला घेतलं होतं. परवा रक्तदात्यांची सगळी माहिती पुसली गेली. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, हिनंच पुसली. उद्या पोलिसांत तक्रार देणार आहेत. दोन दिवस पोरीच्या पोटात अन्नाचा कण नाही."

"तिचं म्हणणं काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"ती म्हणते, मी सगळं बरोबर केलं होतं. आणि लगेच म्हणते, तरी चूक माझीच असेल." बाईंनी पदराने डोळे टिपले. "आता यातलं कुठलं धरायचं?"

सून घरीच होती. खिडकीशी बसून ती बंद लॅपटॉपवर बोटं फिरवत होती.

"मला या विषयातलं काही कळत नाही असं समजून सांग," वहिनी म्हणाल्या. "भाऊजींना तर खरंच कळत नाही."

ती सावकाश बोलू लागली. लिनक्स नावाच्या सिस्टीमवर चालणारे दोन सर्व्हर, म्हणजे मोठे कॉम्प्युटर, होते आणि दोघांवर मिळून एकच डेटाबेस चालवायचा होता. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम तसंच पुढे न्यायचं. ऑपरेशनच्या वेळी रक्त लागलं आणि सिस्टीम बंद आहे, असं कुणाला ऐकावं लागू नये, म्हणून हा खटाटोप. पण डेटाबेस टाकण्याआधी मशिनं तयार करावी लागतात.

"दोघांची घड्याळं जुळवायची. एकमेकांची नावं, पत्ते दोघांना सांगून ठेवायचे. दोघांच्या मधे एक वेगळी केबल टाकायची. तिच्यावरून दोघं सतत एकमेकांना विचारत राहतात, तू आहेस ना? उत्तर आलं नाही की समजायचं, दुसरा गेला."

"म्हणजे संसारच की," भाऊजी म्हणाले.

तिला जरासं हसू आलं. "ती केबल लाल रंगाची आहे. परवा सकाळी पार्सल आलं आणि लगेच मी ती टाकली."

"आणि डिस्क?" वहिनींनी विचारलं.

"एका वेगळ्या पेटीत दोन मोठ्या डिस्क आहेत, अगदी सारख्या. एकीवर दात्यांचा जुना डेटा होता, दुसरी कोरी, नव्या कामासाठी. दोन्ही डिस्क दोन्ही सर्व्हरना दिसतात. लिनक्स त्यांना ओळीनं अक्षरं देतं. ए ही सर्व्हरची स्वतःची, बी जुन्या डेटाची आणि सी कोरी. मी दोन्ही सर्व्हरवर तपासून घेतलं होतं. मग सेटिंग बदलल्या. त्या लागू व्हायला मशिन रीस्टार्ट करावं लागतं. म्हणून दोन्ही रीस्टार्ट केली."

"त्या खोलीत जाऊन?"

"नाही, माझ्या टेबलावरून. मशिनं उठेपर्यंत चहा घेतला, परत आले आणि पहिल्या सर्व्हरवरून सी डिस्क पुसायचा हुकूम दिला." तिचा आवाज बारीक झाला. "जरा वेळानं काउंटरवरून ओरड आली, नावं दिसत नाहीत म्हणून. मी धावत दुसऱ्या सर्व्हरवर पाहिलं. तिथे सी कोरीच होती, तिला हातही लागलेला नव्हता. पुसली गेली होती ती बी."

"हुकूम देण्याआधी पुन्हा पाहिलं नाहीस?"

"नाही. प्रत्येक डिस्कवर तिचा स्वतःचा नंबर असतो. त्यावरून तिला कायमचं नाव बांधून टाकता येतं. ते मी त्यानंतर करणार होते. आधी करायला हवं होतं." तिनं लॅपटॉप बाजूला सारला. "मशिनच्या नोंदी मला बघू द्या, असं किती विनवलं. पण डॉक्टरांनी खोलीला कुलूप घातलं आणि मला घरी पाठवलं."

रक्तपेढी एका हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर होती. वहिनी डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. भाऊजी मागे रेंगाळले, कारण रक्त देऊन आडव्या झालेल्या एका शिंपीणबाईंनी त्यांना वेळ विचारली आणि भाऊजींना बोलायला तेवढं पुरत असे.

"वॉर्डात एक लहान मूल आहे म्हणे," त्या सांगत होत्या. "माझा रक्तगट फार कुणाचा नसतो. काल फोन आला, आज आले. बरं झालं, मागच्याच आठवड्यात काउंटरवरच्या मुलीला नवा नंबर सांगून ठेवला. जुना नंबर बंदच झालाय माझा."

"तब्येतीला जपा," भाऊजी म्हणाले आणि आत गेले.

डॉक्टरबाई कडक दिसत होत्या, पण त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "परवापासून आम्ही आंधळे झालो आहोत," त्या म्हणाल्या. "कागद केव्हाच बंद केले. कोणाला फोन करायचा तेच कळत नाही. दात्यांचं काम बघणारे आमचे अण्णा आहेत म्हणून निभतंय. त्यांनी काल त्या मुलासाठी बाई शोधून काढली, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे."

"डेटाची दुसरी कॉपी?"

"ठेकेदाराकडे आहे. पण मागच्या वर्षीची."

जुन्या सिस्टीमचा ठेकेदार तिथेच बसला होता. नवी सिस्टीम आली की त्याचं काम सुटणार होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःख काही दिसत नव्हतं.

"काल मॅडमच्या समोर पहिला सर्व्हर रीस्टार्ट करून पाहिला मी," तो म्हणाला. "बी ती बी आणि सी ती सी. सगळं जागच्या जागी. बाईंनी बी पुसली आणि आता सी म्हणतात."

"हुकूम काय दिलेला दिसतो?"

"सी. पण ते मागाहून बदलता येतं."

"परवा तुम्ही कुठे होतात?"

"दुसऱ्या हॉस्पिटलात, दिवसभर. मॅडमनीच तिथे फोन करून बोलावलं मला." डॉक्टरांनी मान डोलावली.

"सर्व्हरच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

"परवापर्यंत बाहेर खिळ्याला असायची," डॉक्टर म्हणाल्या. "गोंधळ झाल्यावर मी कुलूप घातलं. तेव्हापासून किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. ठेकेदारांशिवाय कोणाला आत सोडलेलं नाही."

शेवटी अण्णा. दात्यांच्या माहितीचं सगळं काम त्यांच्याकडे होतं आणि निवृत्ती जवळ आली होती. सैलसर स्वेटर घातलेला बारीक माणूस. बोलताना ते हात एकमेकांवर चोळत होते.

"परवा तुम्ही त्या खोलीत गेला होतात?"

"छे हो. आठवडाभर तिथे पाऊल टाकलेलं नाही. आतला गारवा सोसत नाही मला."

"त्या इंजिनिअर मुलीबद्दल काय वाटतं?"

अण्णांनी मान वर केली. "पोरगी गुणी आहे. कामात नेटकी. त्या दोन मशिनांच्या मधे लाल केबल टाकलीय ना, एक वळण वाकडं नाही. असा हात असलेलं माणूस मुद्दाम नुकसान नाही करणार. मॅडमना मी तेच सांगतोय."

"आणि काल त्या मुलासाठी ती बाई कशी शोधलीत?"

"जुनी माणसं आहेत. पाठ असतात मला."

बाहेर गाडीत बसल्यावर भाऊजींनी किल्ली फिरवली. "ठेकेदारच आहे वहिनी. तोंड पाहिलंत त्याचं?"

"तोंड पाहिलं. पण दिवसभर तो दुसरीकडे होता. भाऊजी, बाहेर त्या बाईंशी काय गप्पा चालल्या होत्या?"

भाऊजींनी सगळं सांगितलं, नव्या नंबरासकट. वहिनींनी पुन्हा दार उघडलं.

"गाडी बंद करा," त्या म्हणाल्या. "आणि मुलीला फोन करून इथे बोलावून घ्या."

डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. सून दाराजवळ उभी राहिली. ठेकेदार घड्याळाकडे बघत होता. अण्णा भिंतीला टेकून उभे होते.

"मी यातली जाणकार नाही," वहिनींनी सुरुवात केली. "पण एवढं समजलं की इथे डिस्कना नाव नसतं, रांगेतली जागा असते. पहिली, दुसरी, तिसरी. हिनं सकाळी पाहिलं तेव्हा कोरी डिस्क तिसरी होती. दुसऱ्या सर्व्हरवर ती रीस्टार्टनंतरही तिसरीच राहिली. काल ठेकेदारांनी पाहिलं तेव्हा पहिल्यावरही तिसरीच. फक्त मधल्या वेळात, फक्त पहिल्या सर्व्हरवर, तिसऱ्या जागी जुना डेटा होता. रांगेतला माणूस एक जागा मागे कधी सरकतो, भाऊजी?"

"मधे कोणी घुसलं तर."

"आणि घुसलेला निघून गेला की पुन्हा आपल्या जागी येतो. बेटा, पहिल्या सर्व्हरला कोणी बाहेरची छोटी डिस्क लावून ठेवली असेल, आणि तसंच मशिन रीस्टार्ट झालं, तर?"

सुनेचा हात तोंडावर गेला. "ती बी होऊ शकते. मग जुना डेटा सी आणि कोरी डी. मी टेबलावरून रीस्टार्ट केलं, मागे काही लावलंय ते मला दिसलंच नसतं."

"हे कोणी सिद्ध करणार आहे का?" ठेकेदार म्हणाला.

"मशिनच्या नोंदीत सापडेल. पण आधी सांगते, ती डिस्क कोणाची." वहिनींचा आवाज खाली आला. "आज रक्त देऊन गेलेल्या बाईंचा नंबर मागच्या आठवड्यात बदलला. तो त्यांनी काउंटरवर सांगितला. तो इथे कोणाला पाठ असण्याचं कारण नाही. जुन्या कॉपीत तो नाही, कागदावर नाही. ज्यानं काल त्यांना फोन लावला, त्याच्याकडे पुसली जाण्याआधीची ताजी माहिती आहे. अगदी सगळी."

डॉक्टर हळूच वळल्या.

"आणि लाल केबल परवा सकाळीच पडली," वहिनी म्हणाल्या. "दुपारी खोलीला कुलूप लागलं. जो आठवडाभर आत गेला नाही, त्याला तिची वळणं कशी दिसली? अण्णा, मुलीचं कौतुक केलं नसतंत, तर मला कळायला वेळ लागला असता."

अण्णांनी स्वेटरच्या आत हात घातला आणि पाकिटाएवढी काळी डिस्क काढून टेबलावर ठेवली.

"चोरी नाही केली," ते म्हणाले. "डेटा हलवणार म्हणाले आणि कॉपी मागच्या वर्षीची. माझा जीव राहीना. बाहेर कॉपी नेली तर नोकरी जाते, हे माहीत होतं. सकाळी लावली, माझ्या टेबलावरून कॉपी करून घेतली. काढायला येईपर्यंत मशिनं बंद होऊन पुन्हा उठलीही. गोंधळ ऐकला तेव्हा घाईनं काढून घेतली. माझ्यामुळे झालं, हे आत्ता कळतंय. देवाशपथ." त्यांनी डिस्क डॉक्टरांच्या दिशेनं सरकवली. "मला वाटलं, गुपचूप परत भरून टाकू. पण कुलूप लागलं. मग तोंड उघडायची हिंमत झाली नाही. ते मूल आजारी पडलं नसतं तर मी फोनही केला नसता."

"अण्णा," डॉक्टर म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "तुम्ही दोनदा आला होतात माझ्याकडे. नवी कॉपी घेऊ द्या म्हणून. मी म्हटलं, नवी सिस्टीम आली की बघू."

अण्णा सुनेसमोर जाऊन उभे राहिले. "दोन दिवस तुझं नाव खराब होत होतं आणि मी बघत बसलो, पोरी. मला काय बोलायचं ते बोल."

राग तिच्या चेहऱ्यावर आला, थांबला. मग तिची नजर त्या काळ्या डिस्ककडे गेली.

"कॉपी पूर्ण झाली होती, अण्णा?"

"झाली होती. तपासून घेतलीय. शेवटच्या दात्यापर्यंत."

"मग राग नंतर काढते," ती म्हणाली. "आधी बसू या."

डॉक्टरांनी पर्समधून किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. काउंटरवरच्या सगळ्यांना बोलावून त्यांनी स्वतः सांगितलं, की या मुलीवर घेतलेला आळ चुकीचा होता. अण्णांचं प्रकरण वर जाणार होतं, ते टळणार नव्हतं. पण डॉक्टर म्हणाल्या, त्यात माझी बाजूही मीच लिहीन.

सर्व्हरच्या खोलीत सून जमिनीवर मांडी घालून बसली होती. अण्णा टॉर्च धरून पेटीतल्या डिस्कवरचा नंबर वाचत होते, प्रत्येक आकडा दोनदा, आणि ती त्यावरून नावं बांधत होती, जी आता कोणी मधे घुसलं तरी हलणार नव्हती.

भाऊजींचा फोन वाजला. सासूबाई होत्या. भाऊजींनी त्यांना सगळं सांगितलं, जमेल तसं.

"मग ती घरी कधी येईल?" सासूबाईंनी विचारलं.

भाऊजींनी उघड्या दारातून आत पाहिलं. अण्णा काहीतरी चुकीचं वाचून गेले असावेत. सून हसत होती आणि त्यांना टॉर्च जरा खाली धरायला सांगत होती.

"उशीर होईलसं दिसतंय," भाऊजी म्हणाले. "काम चालू आहे."

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "तिला म्हणावं, सावकाश कर. मी जेवायची थांबते."