सातव्या चाकाची टोपी

"मॅग्नेटवाले कानातले आहेत का? सात जोड द्या."

नगरच्या कापडबाजारातल्या आमच्या इमिटेशन ज्वेलरीच्या दुकानात एकटा पुरुष आला की दारातच घुटमळतो. हा मात्र सरळ काउंटरशी आला. सावळा, उंच, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

"सात? बहिणी किती आहेत तुम्हाला?"

"एकही नाही."

"अगंबाई! मग रोज एकीला एक की काय?"

तो लाजला. खरंच लाजला हो! "कानासाठी नकोत. रणगाड्याला पाहिजेत."

आदिनाथ त्याचं नाव, कर्जतचा. त्याचे वडील वैजनाथकाका, तो त्यांना दादा म्हणतो, फौजेत बावीस वर्षं रणगाडे दुरुस्त करत होते. निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून त्यांनी रिमोटवर चालणारा हातभर रणगाडा बनवला. त्याच्या चौदा चाकांवर रुपयाएवढ्या टोप्या होत्या, पण चालता चालता त्या गळून पडायच्या. काकांचे हात आता थरथरतात, म्हणून या शहाण्याने मदत केली — सगळ्या टोप्या फेविक्विकने चिकटवून टाकल्या! चाकाचा स्क्रू नेमका टोपीखाली. दुसऱ्याच दिवशी एक चाक अडकलं आणि ते उघडता येईना.

"टोप्या उचकटल्या कशाबशा," तो म्हणाला. "पण दादा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रविवारी त्यांचे जुने दोस्त नगरला जमतायत. त्यांच्यासमोर चालवायचाय त्यांना... हात पार जायच्या आत, एकदा तरी."

मला एकदम भरून आलं. कानातल्यामागचं मॅग्नेट टोपीत बसवलं की ते लोखंडी स्क्रूला धरेल, आणि हवी तेव्हा टोपी काढता येईल, हे त्याने बरोबर हेरलं होतं. पण त्याची ती जाडजूड बोटं!

"द्या इकडे. दिवसभर खडेच चिकटवते मी."

त्याने रुमालातून टोप्या काढल्या, जपून ओळीत मांडल्या. "ज्या चाकाची टोपी त्याच चाकावर, असा दादांचा नियम आहे. वर्कशॉपची सवय."

मग मी नेलपॉलिश घेतलं. डाव्या बाजूला गुलाबी, उजव्या बाजूला लाल. टोपीच्या आत एक ते सात ठिपके. तो एकेक टोपी हातात धरून फुंकर घालत होता. लालमधली शेवटची मात्र मी त्याच्या नजरेआड रंगवली आणि स्वतःच वाळवली.

"गुलाबी बाटली नेऊ? ठिपका पुसला तर..." तो जाताना म्हणाला. "आणि रविवारी — याल?"

"बाटली परत घ्यायला यावंच लागेल," मी म्हटलं.

रविवारी मैदानात रणगाडा खडीवरून धडधडत गेला. एकही टोपी पडली नाही! काकांचे हात रिमोटवर थरथरत होते, पण गाडी सरळ चालली होती. दोस्तांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काका डोळे पुसत माझ्याकडे आले, हात जोडले.

"पोरी, लई उपकार झाले बघ."

"काका, हात काय जोडताय! लाजवू नका मला."

"मग एक काम कर. गुलाबी बाजूची सातवी टोपी काढ."

"दादा!" आदिनाथ केवढ्याने तरी ओरडला.

मी नखाने टोपी उचलली. टुक्! आत ठिपके नव्हते. मॅग्नेटभोवती तीन वेडीवाकडी अक्षरं होती — स्नेहल. बिलावर वाचलेलं माझं नाव!

"चार दिवस मी बोललो न्हाई," काका म्हणाले, "अन् आता ह्यो बोलंना."

"बोलणारच होतो..." आदिनाथ माझ्याकडे वळला. "मला तू फार आवडतेस, स्नेहल. त्या दिवशी तू नसतीस तर..."

माझे कान तापले होते. "आता लालची सातवी काढ," मी हळूच म्हटलं.

त्याने काढली. आत ठिपक्यांच्या जागी एकच अक्षर होतं — आ.

"हे... तू कधी?"

"तू फुंकर घालत होतास तेव्हा."

काका गालातल्या गालात हसत होते. त्यांनी दोन्ही टोप्या आदल्या दिवशीच काढून पाहिल्या होत्या.

हां, डोळ्यांचं सांगायचं राहिलंच. तेव्हा ते भरून आले होते, आणि माझ्यावरून हलत नव्हते. आता लग्नाला दोन वर्षं होतील. फेविक्विकची ट्यूब दिसली की मी अजूनही मनोमन तिला हात जोडते.