पडद्यामागचं हसू

आम्ही चौघं परदेशात फिरायला निघालो होतो. गोटी ही माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिचा नवरा आणि आम्ही दोघं. गाडी तिचाच नवरा चालवायचा, म्हणून त्याला आम्ही कॅप्टन म्हणायला लागलो. भाड्याने घेतलेलं मोटरहोम म्हणजे चाकांवरचं एका खोलीचं बिऱ्हाड. मध्ये जेवायचं टेबल, कडेला बारका ओटा, पुढच्या सीटांच्या डोक्यावर एक पलंग आणि अगदी मागे, पडद्याआड, दुसरा. कुणी शिंकलं तरी सगळ्यांना कळावं एवढीशी जागा.

उत्तरेला जाऊ तसा उजेड लांबत गेला. जेवणं उरकून भांडी विसळली तरी तळ्यांवर ऊन असायचं. गाडी थांबली की माझा नवरा घडीची खुर्ची उघडून पाण्याकडे बघत बसायचा. माझ्याशी बोलणं 'हं' आणि 'बघू' यांतच संपायचं. लग्न जुनं झालं की असंच होतं, अशी मी मनाची समजूत घातली होती.

एका दुपारी मी बाहेर दोरीवर कपडे टाकत होते. आतून त्याचं हसणं ऐकू आलं. अगदी पोट धरून. आणि त्यात मिसळलेलं एका बाईचं हसू.

मी हातातला टॉवेल तसाच घेऊन आत गेले. पडदा सरकवला. तो पलंगावर एकटाच होता, डोळे पुसत.

"काय झालं एवढं हसायला?"

"काही नाही गं. असंच."

मागे बाथरूमचं दार वाजलं. गोटी ओले केस झटकत बाहेर आली.

मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दिसेल तेवढंच खरं मानायची मला सवय आहे. त्या दुपारपासून मी दोघांवर नजर ठेवली. गोटीने त्याच्या हातात मिठाची बाटली दिली तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तो आता शीळ घालत दाढी करायचा. त्याच्या शर्टाला केसांच्या तेलाचा वास यायला लागला. वास माझ्या तेलाचा होता, पण बाटली मी घरीच विसरले होते.

शेवटी बटाटे सोलताना मी विषय काढलाच.

"गोटी, खरं सांग. तुझं आणि ह्याचं काय चाललंय?"

तिने सुरी खाली ठेवली. "वेड लागलंय का तुला? उलट तुम्हीच नवीन लग्न झाल्यासारखे वागताय. काल काठावर काय त्याला भरवत होतीस! कॅप्टन मला म्हणाला, बघ, शीक जरा."

"काल दुपारभर डोकं दुखत होतं माझं. मी वरच्या पलंगावर पडून होते."

ती हसायला लागली. मग माझ्याकडे बघून थांबली.

"निळ्या जाकिटात तूच होतीस," ती म्हणाली, आणि पुन्हा बटाट्याला लागली.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनने एका झऱ्यापाशी गाडी उभी केली. मी जाकीट चढवलं आणि कॅन घेऊन पाणी आणायला गेले. परत येताना पांढऱ्या खोडांच्या झाडांमागून तेच हसू आलं.

दोघं तळ्याच्या काठावर उभे होते. माझा नवरा पाण्यावर चपटे दगड फेकत होता. शेजारी ती. अंगात निळं जाकीट, मनगटाशी उसवलेलं. मी खाली पाहिलं. माझं जाकीट माझ्याच अंगात होतं, मनगटाशी उसवलेलं.

भीती वाटायला हवी होती. मला वाटला तो निव्वळ मत्सर. मान वळवायची ढब माझी, बोलण्याआधी ओठ दाबायची लकब माझी. पण तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, आणि तो ज्या नजरेनं तिच्याकडे बघत राहिला, ती नजर माझ्या वाट्याला कधी आलीच नव्हती.

तिने मला पाहिलं. दचकली नाही. जिन्यात शेजारीण भेटावी तशी ओळखीचं हसली.

हॉर्न वाजला. दोघं हातात हात घालून पळाले.

मी कॅन टाकून धावले.

गाडी सुरू झालीच होती. मी रस्त्यात आडवी उभी राहिले. गाडी थांबली. दार नवऱ्यानेच उघडलं.

"काय हो, लागलंय का कुठे? केवढ्या धापा टाकताय तुम्ही!"

"अरे, असं काय करतोस?"

"घाबरू नका. आत या आधी. कुठे सोडायचं तुम्हाला?"

गोटी अंग चोरून सरकली आणि तिने मला जागा करून दिली, अनोळखी बाईला देतात तशी. ओट्याशी पाठमोरी ती निळ्या जाकिटातली चहा गाळत होती. गोटी तिच्याकडे झुकून हळूच म्हणाली, "तुझ्या ओळखीची आहे का गं?"

"नाही बाई," माझ्या आवाजात उत्तर आलं.

मग तिने वळून माझ्यापुढे कप धरला. मी एक घोट घेतला.

बिनसाखरेचा. मी घेते तसा.