जिभेवरचं तेल

मिस्त्रींनी त्या दिवशी सकाळपासूनच शेड आवरायला घेतली होती. पाने पुसून पेटीत गेले, जॅक कोपऱ्यात गेला, गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर फळ्या पडल्या. चाळीस वर्षं ज्या पत्र्याखाली गिअरबॉक्स खोलण्यात गेली, त्याला आता कुलूप लागायचं होतं. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. लेकीला सातवा महिना होता आणि जावई बोटीवर होता, सहा-सहा महिने पाण्यात. बायको जाऊन चार वर्षं झालेली. तेव्हा आता लेकीपाशी जाऊन राहायचं, नातवंड मांडीवर घ्यायचं, एवढंच काय ते मनात होतं. कपड्यांची पिशवी दाराशी तयार ठेवलेली.

लेक दुपारी न्यायला आली, आपली जुनी गाडी घेऊन. उतरली ती चिडूनच.

"बाबा, या गाडीला झालंय तरी काय बघा. जागेवर उभी असते आणि वेगाचा काटा चाळीसवर!"

"उभ्या गाडीचा?"

"उभ्या! सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून बसले होते. सिग्नल सुटला तर आधी हलेचना, आणि हलली ती अशी उडी मारून, की पुढच्या ट्रकमध्येच घुसले असते."

मिस्त्रींनी आत डोकावून पाहिलं. तिची सीट आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये पोट मावेल एवढीच जागा होती.

"सेन्सर असेल," ते शांतपणे म्हणाले. "गिअरबॉक्सच्या कडेला बसवलेला असतो. चाकं किती फिरतात ते सांगायचं त्याचं काम. तो खोटं बोलला की गाडीला वाटतं आपण पळतोय, मग ती आपली आपण वरचा गिअर टाकते. नंतर चूक कळली की धाडकन पहिला. तासाभराचं काम. हे केल्याशिवाय तुला इथून हलू देत नाही."

फळ्या निघाल्या, गाडी खड्ड्यावर आली. मिस्त्री खाली उतरले आणि लेक वर स्टुलावर बसून बोलत राहिली. गाडी तिने आपल्या घरासमोरच्या काकूंकडून घेतली होती. काका वारल्यावर काकूंना ती दारात नकोशी झाली होती.

"काका तुमच्यासारखेच गिअरबॉक्सवाले. जरा विक्षिप्तच. वर्षभर म्हणे या गाडीत बसायचेच नाहीत. काकू गाडी चालवायच्या आणि हे मागून चालत यायचे. मग एक दिवस स्वतःच तेल बदललं आणि लागले बसायला! पुढे महिन्याभरात गेले बिचारे."

"असतात एकेक," मिस्त्री खालून म्हणाले.

"आणि तेही तेल चाखायचे. तुम्ही सोडलं ना ते?"

"जीभ आहे तोवर कसं सुटेल?"

"शी, बाबा!"

या चाखण्यापायी गावभर त्यांना जीभवाले मिस्त्री म्हणत. गिअरचं तेल बोटावर घ्यायचं, चोळायचं, हुंगायचं, मग थेंबभर जिभेच्या टोकाला लावून थुंकायचं. जळलेलं तेल कडू लागतं, पाणी शिरलेलं मिळमिळीत. मीटर काय सांगेल ते नंतर, जीभ आधी सांगते, असं ते सगळ्यांना ऐकवत.

आधी त्यांनी वायर तपासली. ती धड होती. प्लगला गंज नव्हता. मग दहा नंबरच्या पान्याने बोल्ट सोडवला आणि सेन्सर हळूच फिरवून ओढला.

वास आला. तेलाचा नव्हे. खूप दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं तोंड सकाळी उघडावं, तसा.

सेन्सरच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्याला लोखंडाची पूड चिकटून काळी दाढी येते, ते नेहमीचंच. पण त्या दाढीखाली पांढुरका, मऊ, बुळबुळीत थर होता, जिभेवरून खरवडून काढावा तसा. पुडीचा कण न् कण त्यावर ताठ उभा होता आणि सगळे मिळून सावकाश या कुशीवरून त्या कुशीवर होत होते. थरातून एक पिकलेला केस लोंबत होता. दुसरं टोक गिअरबॉक्सच्या भोकात गेलेलं. मिस्त्रींनी चिमटीत धरून ओढला. तो आला... येतच राहिला... हातभर, दोन हात, ओला, लाळेसारखा तार सोडत. शेवटी तुटला, आणि उरलेला भोकात आत ओढला गेला.

 केस चुंबकाला कसा चिकटेल, असा विचार मिस्त्रींच्या डोक्यात चालू होता. आणि तेवढ्यात बोट, चाळीस वर्षांच्या सवयीचं बोट, मनाला न विचारता जिभेला लागलंसुद्धा.

गाडी तोवर थंड झाली होती. तेल मात्र अंगाइतकं कोमट होतं. चव कडू नव्हती. हिरडीतून रक्त यावं आणि ते कुणी आधीच चघळून ठेवलेलं असावं, तसं खारट-गोडसर काहीतरी. त्यात एक बारीक धागा होता. तो जिभेवरून मागे सरकला आणि घशाशी जाऊन बसला.

ते थुंकले. पुन्हा थुंकले. काही निघालं नाही. खड्ड्यातून वर येऊन त्यांनी कडेच्या लाकडी ठोकळ्यावरची पाण्याची बाटली तोंडाला लावली, चूळ भरली, चार घोट गिळले. धागा तिथेच.

"काय झालं?"

"काही नाही गं. तेल खराब आहे."

फडताळात दुसरा सेन्सर होता. तो त्यांनी बसवला, सगळं जुनं तेल काढून नवं भरलं. लेकीला बसवून इंजिन चालू केलं. काटा शून्यावर. तिने आवारात दोन चकरा मारल्या. गाडी लोण्यासारखी चालली. थांबली की काटा शून्यावर.

"मानलं बुवा जीभवाल्यांना!" ती हसली. "चला, बसा आता. अंधाराच्या आत घरी पोचू."

मिस्त्रींनी पिशवी मागे टाकली, तिच्या शेजारी बसले, दार ओढलं.

काटा थरथरला. उचलला. चाळीसवर जाऊन थांबला.

"अय्या! परत?"

मिस्त्री उतरले. काटा शून्यावर. एक पाय आत ठेवला... दहा. वीस...

त्यांनी पाय मागे घेतला. वर्षभर गाडीमागून चालणारा तो माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मग त्याने तेल बदललं, आणि लागला बसायला.

"थांब, तेलाची पातळी बघतो," म्हणत त्यांनी बॉनेट उचललं आणि गिअरची डिपस्टिक बाहेर काढली. काळं, अरुंद भोक समोर आलं. त्याबरोबर तोंड भरून आलं. कोमट, दाट, आपली नव्हे अशी लाळ गालफडांतून वर चढली, आणि घशातला धागा ताठ होऊन त्या भोकाच्या दिशेने खेचू लागला. एक पिंक आत. त्या काकांनीही तेच केलं असणार. एवढंच पुरे होतं. मग लेकीशेजारी बसता आलं असतं, नातवंड मांडीवर घेता आलं असतं.

काचेपलीकडे लेक पोटावर हात ठेवून बाळाशी काहीतरी बोलत होती.

मिस्त्रींनी डोळे मिटले आणि गिळलं. सगळं. सावकाश. डिपस्टिक आत घातली, बॉनेट पाडलं, पिशवी बाहेर काढली.

"तू हो पुढे. माझी एक-दोन कामं राहिलीत."

"बाबा, तुम्ही शब्द दिला होता."

"हो गं..."

"आईनंतर माझं आहे कोण दुसरं?"

 बोलायला तोंड उघडायचीच त्यांना भीती वाटत होती. हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी ठोकळ्यावरची बाटली उचलली आणि खिडकीतून तिच्या हातात दिली.

"बाहेरचं पाणी पिऊ नकोस. हे असू दे."

ती रुसूनच गेली. वळणापर्यंत गाडी कशी मऊ चालली होती! तेवढं पाहून त्यांना बरं वाटलं.

दिवस कलता कलता फोन वाजला.

"बाबा, पंपावर थांबलेय. गाडी उभी आहे... आणि काटा परत चाळीसवर. तुम्ही तर नाही ना आत."

मिस्त्रींनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"आणि काय माहीत, मघापासून तोंडात केस आल्यासारखं वाटतंय. थुंकले तरी निघत नाही... बाबा? ऐकताय ना?"

त्यांनी ठोकळ्याकडे पाहिलं. बाटलीच्या बुडाचं ओलं वर्तुळ अजून वाळलं नव्हतं. त्यात लोखंडाचे काळे कण गोल रांग धरून ताठ उभे होते, आणि सगळेच्या सगळे, लेक गेली त्या रस्त्याकडे वाकलेले.